इंजिनघराची खिडकी

गिरणीच्या दारातच आत्याने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं. शेजारी कताईची इमारत पाडायचं काम चालू होतं आणि काँक्रीट फोडणाऱ्या मशीनचा आवाज यंत्रातून थेट डोक्यात घुसत होता. यंत्रावाचून तिचं काही अडत नसे. विणकाम खात्यात, मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेलेल्या बाईला माणसाचे ओठ दिसले की पुरे. आत्यापासून काही लपवायचं तर तिच्याकडे पाठ करून बोलावं लागतं, असं घरात म्हणत. पण पाठ केली, की ती लगेच विचारायची, काय लपवताय.

आज मात्र कुणाला पाठ करायची सोय नव्हती. सगळं कुटुंब एका छपराखाली आलं होतं, आणि तेही याच छपराखाली. धाकट्या भावाला गिरणीतून बाहेर नेलं त्या दिवसानंतर आत्या आणि तिचा थोरला भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले नव्हते. रस्त्यात दिसला तर ती पलीकडच्या बाजूने जाई. तो तर तिची गल्लीच टाळायचा.

हे घडवून आणलं होतं भिंगरीने. धाकट्याची ती एकुलती एक मुलगी. बाप गेला तेव्हा रांगत होती, पुढे आईने दुसरा संसार थाटला, आणि आत्याने लग्नबिग्न बाजूला ठेवून हिला वाढवलं. पोरगी जागेवर बसेल तर शपथ. लहानपणी झाडं, मग गच्च्या, आणि आता ओसाड इमारती. बंद पडलेलं रुग्णालय, मोडकी नाट्यगृहं, कुणी पाऊल टाकत नाही असे कारखाने हिला हाक मारून बोलावत. आत शिरायचं, फोटो काढायचे, तिथे कोण राबलं, कोण मेलं ते शोधून काढायचं, आणि घरी येऊन डोक्यावरची जळमटं न झटकता जेवायला बसायचं. आत्या चिडायची, आणि लोकांकडे तिचंच कौतुक सांगत बसायची.

नव्या मालकांनी बाकी गिरणी पाडायला घेतली, पण विणकामाचा हॉल आणि इंजिनघर राखून तिथे संग्रहालय करायचं ठरवलं. भिंतीवरच्या माहितीच्या पाट्या लिहायचं काम भिंगरीला मिळालं. सगळ्या पाट्या झाल्या होत्या. एकच उरली होती, आणि सगळे जण आले होते ते तिच्यासाठी.

"वाचते," भिंगरी म्हणाली. आत्याला ओठ दिसावेत म्हणून ती सवयीने तिच्याकडे तोंड करून उभी राहिली. "'या शाफ्टवर निसटलेला पट्टा चढवत असताना इंजिन चालू झाल्यामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. थांबण्याची खूण मिळूनही इंजिन चालू करण्यात आलं होतं.'"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. छताखालून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लोखंडी शाफ्ट गंजून तांबडा झाला होता. त्याच्यावरची चाकं जागच्या जागी होती. एके काळी त्या चाकांवरून खाली प्रत्येक मागाला पट्टा येई, आणि शाफ्ट फिरला की सगळं खातं फिरायचं. आत्याने लगेच नजर खाली घेतली. कुठलं चाक ते तिला ठाऊक होतं.

"पहिल्या वाक्याला आमची हरकत नाही," थोरल्याचा मुलगा म्हणाला. घरात त्याला वकील म्हणत, कारण तो खरोखरच वकील होता आणि घरातही तसाच बोलायचा. "दुसऱ्यातला 'मिळूनही' हा शब्द काढा."

"का?" भिंगरी म्हणाली.

"कारण त्या एका शब्दाने माझे वडील खुनी ठरतात. नाव नसलं तरी इंजिनवर कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे. उद्या माझी मुलं इथे शाळेच्या सहलीला येतील आणि भिंतीवर हे वाचतील."

"मग खोटं लिहू?"

"चौकशीत काहीच सिद्ध झालं नव्हतं. विणकाम खात्यातले सगळे म्हणाले, थांबायची खूण झाली. इंजिनघरातले म्हणाले, चालू करायची झाली. ज्याने त्याने आपल्या माणसाची बाजू घेतली. संपलं."

"संपलं तुमच्यासाठी," आत्या म्हणाली. आवाज किती चढला ते तिला कळलं नाही, पण थोरल्याची बायको, वहिनी, दचकली त्यावरून अंदाज आला. "खूण मी केली होती. या हाताने. इशाऱ्याच्या घंटेची तार तुटलेली, इंजिनघराच्या खिडकीपाशी मी एकटी, आणि वर शाफ्टला माझा भाऊ लटकलेला. मी पंजा दाखवला. पंजा म्हणजे थांब. चालू करायला बोट गोल फिरवतात. पंजा आणि बोट यातला फरक आंधळ्यालासुद्धा कळेल. तुझ्या बापाला डोळे होते."

दारात दिलेलं हेल्मेट थोरल्याच्या डोक्यावर सैल बसलं होतं, आणि ते सावरायलाही त्याने हात उचलला नाही. किती वाळलाय, असं आत्याच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं तिने या माणसाला मनातल्या मनात धारेवर धरलं होतं. तो मनातला थोरला धष्टपुष्ट होता, छाती काढून खोटं बोलणारा. हा समोरचा म्हातारा कुणी भलताच निघाला होता.

"तू चालू कर म्हणालीस," शेवटी तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हाही तेच सांगितलं, आत्ताही तेच सांगतो. माझ्यावर ढकलायचं असेल तर ढकल. पण मी सख्ख्या भावाला मारलं नाही."

"मग मी मारलं?"

"मी तसं कधी म्हटलं नाही. कुणाजवळही नाही."

"पण मनात तेच आहे ना?"

त्यावर तो वळला आणि दाराकडे चालू लागला. "मी जरा इंजिन बघून येतो," एवढं त्याच्या ओठांवर दिसलं. हॉलमधून इंजिनघराकडे जाणारा सरळ रस्ता इंजिनाचे पट्टे जायचे त्या खंदकावरून होता आणि त्या खंदकावरच्या फळ्या जुन्या झाल्या होत्या, म्हणून तो अंगणातून वळसा घालून गेला.

तो गेल्यावर वहिनी मुलाला घेऊन मागांच्या ओळीपलीकडे गेली. चांगली लांब गेली बिचारी. पण तोंड इकडेच राहिलं, आणि आत्याला सगळं दिसलं.

"तू जरा नमतं घे," वहिनी म्हणत होती. "त्यांची तब्येत बघतोस ना? झोपेत हात वर करतात. किती वर्षं बघतेय मी. लिहू दे तिला काय लिहायचं ते. निदान येणंजाणं तरी सुरू होईल."

"म्हणजे तुलाही वाटतं की बाबांनीच..."

"मला काही वाटत नाही. चूक झाली असेल. माणूस घाबरतो, काही भलतंच बघतो. पण ते मान्यच करत नाहीत, त्याला मी काय करू?"

आत्याला हे पाहून आनंद व्हायला हवा होता. थोरल्याची स्वतःची बायको फुटली होती. पण 'झोपेत हात वर करतात' हे तिला सोडेना. झोपेत तिचाही हात वर जायचा; ते तिचं स्वतःचं दुखणं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

भिंगरी एव्हाना कॅमेरा घेऊन खंदकाकडे पोचली होती. दोन दिवस आधी येऊन तिने फळ्या तपासल्या होत्या आणि ज्या धड होत्या त्यांच्या कडेने लाल फीत बांधली होती. त्या फितीतून ती नीट निम्म्यापर्यंत गेली. मग तिला इंजिनघराच्या खिडकीचा फोटो हवा झाला. तीच खिडकी, धुळीने आंधळी झालेली. कोन जमेना म्हणून ती एक पाऊल फितीच्या बाहेर गेली, मग आणखी एक. फोटो काढताना या पोरीला जगाचं भान राहत नाही. आत्याने शंभरदा सांगितलं होतं.

खंदकापलीकडे इंजिनघराच्या दारात थोरला आला. ते दार हॉलपेक्षा खाली होतं, आणि तिथून फळ्यांची खालची बाजू दिसत होती. त्याने खाली पाहिलं, मग भिंगरीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

तो ओरडला असणार. शेजारी मशीन भिंत फोडत होतं, कान धड असलेल्यांनाही काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मग म्हाताऱ्याने जे केलं ते त्याने ठरवून केलं नाही. हात आपोआप वर गेला. सगळी बोटं ताठ, पंजा उघडा.

भिंगरी थांबली.

जागच्या जागी, श्वास रोखून थांबली, जशी रस्ता ओलांडताना लहानपणी थांबायची. ती बोलायला लागण्याआधी आत्याने तिला हे शिकवलं होतं. पंजा दिसला की हलायचं नाही, का ते नंतर विचारायचं. शहाणी पोर, आत्या मनात म्हणाली. आणि तोही बरा, वेळेवर थांबवलं तिला.

पण थोरला पंजा खाली घेईना. उलट तो पुन्हा पुन्हा वर नेऊ लागला, दारातून अंग पुढे काढून, जोरजोरात. भिंगरी आणखीनच ताठ झाली. तिच्या पायाखालची फळी मधोमध वाकू लागलेली आत्याला या टोकावरून दिसली. हा थांब थांब का करतोय, फळी मोडतेय ते याला दिसत नाही का, म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

त्याचे ओठ म्हणत होते, "ये. पुढे ये. थांबू नकोस, ये."

हात थांब म्हणत होता. तोंड ये म्हणत होतं. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. तो जीव तोडून एकच गोष्ट सांगत होता, हाताने आणि तोंडाने, एकच.

पण त्यावर विचार करायला आत्याला वेळ नव्हता. भिंगरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं, आता काय करू, असं डोळ्यांनी विचारत. आत्याने हात उंच केला आणि बोट गोल फिरवलं. चालू. चालू. चालू.

भिंगरीने उडी घेतली. थोरल्याने दारातून पुढे येऊन तिचा दंड धरला आणि आत ओढलं. मागे ती फळी दोन तुकडे होऊन खंदकात गेली आणि धुळीचा लोट वर आला.

धूळ खाली बसेपर्यंत वहिनी आणि वकील धावत आत्यापाशी आले होते. खंदकापलीकडे भिंगरी थोरल्यासमोर उभी होती. आत्याला तिचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

"तिथे थांबवलंत मला?" ती म्हणत होती. "मोडक्या फळीवर? बाबांना थांब म्हटलं असताना चालू केलंत, आणि मला जायला हवं होतं तेव्हा थांबवलंत. तुम्हाला कळत काहीच नाही का?"

"मी ये म्हणत होतो, पोरी."

"पंजा दाखवून?"

थोरला आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याला काहीच उमगलेलं नव्हतं.

अंगणातून वळसा घालून जाताना वकील आत्याच्या बरोबरीने चालत होता. मध्येच तो थांबला आणि तिच्यासमोर उभा राहिला. त्याचा रंग उतरला होता.

"आत्या, तुम्हाला पाहिजे ते लिहा पाटीवर," तो म्हणाला. "'मिळूनही' राहू दे. मी हरकत घेणार नाही. आज डोळ्यांनी पाहिलं मी. बाबा ऐन वेळी गडबडतात. तेव्हाही तसंच झालं असणार. मला उगाच वाटायचं की तुम्ही..." पुढचं त्याने गिळलं. "माफ करा मला."

वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला आणि मान हलवली. म्हणजे तीही आत्याच्या बाजूची झाली.

आत्या जिंकली होती. ज्यासाठी तिने सख्खा भाऊ तोडला, ज्यासाठी पोरीला त्याचं तोंड बघू दिलं नाही, ते सगळं आता तिच्या पदरात येऊन पडलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. फितीबाहेर काय झालं ते तिच्याशिवाय कुणालाही कळलं नव्हतं, थोरल्यालासुद्धा. तो म्हातारा मरेपर्यंत स्वतःच्या हाताकडे बघत बसला असता. अंगणातल्या त्या चार पावलांत आत्याला गप्प राहायचा मोह झाला, आणि तो काही लहानसहान नव्हता. मग तिला ते वहिनीचं आठवलं, झोपेत हात वर करतात. तिने पर्समधून यंत्र काढून कानात घातलं, कारण आता जे ऐकायचं ते तिला कानांनी ऐकायचं होतं, आणि ती इंजिनघरात शिरली.

थोरला इंजिनाच्या चौथऱ्यावर टेकला होता. भिंगरी लांब, दाराला पाठ लावून.

"दादा," आत्या म्हणाली. एवढ्या वर्षांत हा शब्द तिने तोंडातून काढला नव्हता, आणि निघाला तेव्हा तो चिरका निघाला. "तुमच्याकडे इंजिनघरात पंजा म्हणजे काय?"

"काय म्हणजे?" तो म्हणाला. "पंजा म्हणजे सोड. मूठ आवळली की धर, पंजा उघडला की सोड. ब्रेक सोड, इंजिन सोड, माणूस पुढे सोड. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"आमच्याकडे पंजा म्हणजे थांब."

मशीन तेवढ्यात बंद पडलं होतं, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. थोरला तिच्याकडे बघत राहिला. भिंगरीची पाठ दारापासून सुटली.

"असं कसं?" वकील म्हणाला. "एका गिरणीत? एका घरातल्या माणसांना माहीत नाही?"

"कसं असणार?" आत्या म्हणाली. "आमच्या दोन खात्यांच्या मध्ये ही भिंत आणि घंटा. घंटा एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चालू. हाताने कुणी कुणाला कधी बोललंच नाही. त्या एका दिवशी बोललो."

"आणि घरी आई," थोरला हळू म्हणाला.

"हो, घरी आई." आत्याला हसू आलं आणि त्यातच रडू. "हातवारे केले की ती लाटणं उगारायची. गिरणी गिरणीत ठेवून या, तोंड दिलंय ना, बोला तोंडाने. एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून आम्ही जेवलो, आणि एकमेकांच्या हाताची भाषा कधी बघितली नाही."

"म्हणजे तू थांब म्हणत होतीस," थोरला म्हणाला.

"हो."

"खरंच थांब म्हणत होतीस." त्याने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "मला वाटायचं, तू घाबरून भलतंच दाखवलंस आणि मग माझ्यावर ढकललंस. मी रागावलो नाही. बहीण आहे, लहान आहे, वाचू दे तिला, असं मनाशी म्हणायचो. एवढंच की तुझ्यासमोर यायची हिंमत व्हायची नाही."

"आणि मी तुला खुनी म्हणत होते. लोकांसमोर, हिच्यासमोर."

भिंगरीच्या बापाचा मृत्यू तिला लहानपणापासून एका वाक्यात सांगण्यात आला होता, आणि ते वाक्य आता कुणाच्याच कामाचं उरलं नव्हतं. तिने खिशातून पाटीचा कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि घडी उलगडलीच नाही.

"मग आता काय लिहू?" ती म्हणाली. "मला सकाळी छपाईला द्यायचंय. सांगा, काय लिहू?"

"माझं लिही," आत्या म्हणाली. "स्पष्ट लिही. विणकाम खात्यातल्या बाईने पंजा दाखवला, म्हणून इंजिन सुटलं. माझ्या हाताने झालं."

"हे लिहायचं नाही," थोरला उठून उभा राहिला. "अजिबात नाही. इंजिन माझ्या ताब्यात होतं. शाफ्टला माणूस आहे का ते बघून यायला हवं होतं मला. माझं लिहा. 'मिळूनही' लिहा, काय लिहायचं ते लिहा. हिच्या हाताचं नाव भिंतीवर येता कामा नये."

"दादा, तू मध्ये बोलू नकोस."

"मी मोठा आहे. मी बोलणार."

"बाबा, तुमच्यावरचा आळ काढायला आलो आम्ही इथे," वकील म्हणाला, "आणि तुम्हीच आता..."

"तू गप्प बस."

वहिनी कुणाची बाजू घ्यावी ते न कळून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. भिंगरीने कागद खिशात परत घातला, आणि बापाचा उल्लेख असलेल्या भांडणात पहिल्यांदाच ती कुणाच्याच बाजूने उभी राहिली नाही. ती थोरल्याजवळ गेली आणि त्याचा हेल्मेट धरलेला हात तिने सोडवून आपल्या हातात धरला.

"काका, बसा आधी," ती म्हणाली. हा शब्दही त्या खोलीत पहिल्यांदाच आला होता.

पण थोरला बसेना. "हिला सांग ना," तो भिंगरीला म्हणाला, "चूक माझी होती म्हणून."

"काय चुकलं तुझं?" आत्या त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "सांग ना, काय चुकलं? खिडकीत मी दिसले. मी हात केला. लहानपणापासून मी काही सांगितलं की तू उलट करायचास. त्या दिवशी नाही केलंस. आयुष्यात एकदा तू माझं ऐकलंस, दादा. एवढंच केलंस तू."

थोरला चौथऱ्यावर बसला. खांदे हलायला लागले, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो काहीतरी बोलत होता. पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं, यंत्रातून नुसती खरखर आली, आणि हातांमागचे ओठ आत्याला दिसेनात.

ती वाकली. तिने त्याचे दोन्ही हात तोंडावरून बाजूला केले.

"असं नको," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून बोल."